तांबडं फडकं

तोलापान बेट
आपल्या कॅलेंडरप्रमाणे ७ फेब्रुवारी

फर्मीन,

जिवंत आहेस का, ते आधी कळव. झऱ्याच्या तोंडातून डोकं वर काढलं तेव्हा आपण शेजारी शेजारी होतो. मी केसांतलं शेवाळ काढेपर्यंत चार भालेवाले तुला होडीत घालून पैलतीरी घेऊनही गेले. का, तर तुझ्या पिशवीतले चिमटे त्यांनी पाहिले. तुला निघताना सांगितलं होतं, दवाखान्याची पिशवी घरी ठेव. पण दंतवैद्याला पिशवीशिवाय चैन पडत नाही.

माझं उत्तम चाललंय. आपण आपल्याच गावात आहोत, हे लक्षात आलं का तुझ्या? हेच आपलं सान मातेओ तोलापान, फक्त सान मातेओ या संताला अजून कुणी इथे आणलेलं नाही. स्पेनची जहाजं यायला दोन-तीन पिढ्या आहेत. तुझा दवाखाना आहे तिथे बदकं पोहतात. माझी शाळा आहे तिथे, तळ्यात भर घालून केलेल्या पाणमळ्यावर टोमॅटो लागलेत. आजीकडून शिकलेली भाषा इथे चालते, पण लोक हसतात. मी उतरलेय त्या घरातली दाई तेयाका म्हणाली, "ही बाई विहिरीत पडलेल्या मोलकरणीसारखी बोलते."

आता मुद्द्याचं. इथला राजा नुकताच वारला. राजाला इथे राजा म्हणत नाहीत, 'बोलणारा' म्हणतात. बोलणाऱ्याची चटई रिकामी आहे आणि तिच्यावर दोघांचा डोळा आहे. एक त्याची मुलगी अयाउ. ती बाजाराची न्यायाधीश आहे, आणि मी तिच्याच घरी आहे. दुसरा त्याचा धाकटा भाऊ चिमाल, तेश्काल्कोच्या ठाण्याचा सेनापती, ज्याच्याकडे तुला नेलंय. चार वडीलधारे चौकात, सगळ्यांसमोर निवड करणार. हरेल त्याच्या गळ्यात फुलं गुंफलेली दोरी घालून आवळतात. फुलं का, तर माणूस खानदानी असतो म्हणून. त्याचे सल्लागारही दोरीनेच जातात, पण बिनफुलांच्या.

आपलं ठरलंय ते आठव. बघायचं, ऐकायचं, कशात हात घालायचा नाही, आणि तळ्याचं पाणी चढून झऱ्याचं तोंड बुजायच्या आत घरी. मी शब्द पाळतेय, तूही पाळ. चिमालपासून जपून राहा. बेटावर सगळे त्याला रानडुक्कर म्हणतात.

पत्र टोमॅटोवाल्या शोकोकडे दे. तिची होडी रोज दोन्हीकडे असते. आपली लिपी इथे कुणाला वाचता येत नाही. शोकोला वाटतं, मी सालीच्या कागदावर अळ्या काढते.

तुझी ताई,
रेमेदिओस


तेश्काल्को
१० फेब्रुवारी

ताई,

जिवंत आहे आणि टर्की खाऊन जाड होतोय. चिमालला रानडुक्कर म्हणतात ते गाल बघून म्हणत असतील. मला आणलं तेव्हा तो चटईवर आडवा होता आणि त्याचा डावा गाल भोपळ्याएवढा झाला होता. उशाशी दोन पुजारी धूर करत होते. दाढेत पू. आपल्याकडे सोमवारी सकाळी रांगेत तिसरा बसतो, तो पेशंट.

माझे चिमटे बघून तो म्हणाला, "तू दात काढतोस की जीव?"

मी म्हटलं, "दोन्ही जवळजवळच असतात. पण मी दातावर थांबतो."

त्याला हसू आलं आणि हसल्याने कळ आली. मग तो उठून बसला. जमिनीला बोट लावलं, ते जिभेवर ठेवलं आणि म्हणाला, "नीट काढलास तर मागशील ते देईन." खोलीतले सगळे ताडकन उभे राहिले. आठवतं, आजी भांडणात जमिनीला बोट लावून ओठांना लावायची आणि मग समोरचा गप्प बसायचा? तेच हे. इथे त्याला माती खाणं म्हणतात. सूर्याने पाहिलं, भूमीने ऐकलं, विषय संपला. असा दिलेला शब्द इथे कुणी मोडत नाही आणि कुणी मोडू देत नाही.

पिशवीत भुलीची दोन इंजेक्शनं होती, ती दिली आणि दात काढला. गालावर औषधी पाला ठेवून जबडा तांबड्या फडक्याने बांधला, गाठ डोक्यावर. ताई, मला हसू आवरेना. आपल्या जत्रेचा नवा मानकरी दोन फेब्रुवारीला जबडा बांधून उभा राहतो ना, हुबेहूब तो.

"काय हवं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पुढे कधीतरी मागेन." आपलं ठरलंय ना, कशात हात घालायचा नाही. एवढंच झालं.

जाता जाता. इकडचे होडीवाले सांगतात, विहिरीत पडलेली एक बाई अयाउला चौकात ओरडायला शिकवतेय. ती तू नव्हेस, याची मला पक्की खात्री आहे.

फर्मीन


तोलापान बेट
१४ फेब्रुवारी

फर्मीन,

ती मीच आहे.

आणि मला त्याची लाज वाटत नाही. जिथे राज्यकर्त्याला बोलणारा म्हणतात, तिथे तू मला गप्प बसायला सांगतोस? तीस वर्षं मी शाळेच्या फाटकावर, मंत्र्याच्या दारात, पावसात, पोलिसांच्या पुढ्यात बोलले. चटईवर हक्क असलेली एक बाई माझ्यासमोर बसलीय आणि तिला बोलायचं कसं ते ठाऊक नाही. मी तिच्याकडे बघत टोमॅटो निवडत बसू?

आणि हा नुसता दोन खानदानांचा तंटा नाही. उत्तरेच्या मोठ्या शहराला दरसाल लढायला माणसं हवी असतात. तुझा चिमाल ती पाठवतो आणि त्यातली निम्मी परत येत नाहीत. अयाउला ती माणसं पाणमळ्यांवर ठेवायचीत, बांध उंच करायचाय. मी तिच्या बाजूने नाही, तर कुणाच्या असेन?

इथली रीत ऐक. निवडला जाणार त्याने वडीलधाऱ्यांपुढे रडायचं आणि म्हणायचं, तुम्ही चुकून माझ्याकडे आलात, मी केर आहे, माती आहे, दुसरा कुणी शोधा. तीच आपल्या मानकऱ्याची रड. त्या फडक्याचं कौतुक मला सांगू नकोस. अधिकार घेताना माणूस तोंड बांधून घेतो आणि स्वतःला केर म्हणवतो, हे बघवत नाही म्हणून मी दरवर्षी ती मिरवणूक अर्ध्यात सोडून जाते. वाकायची सवय लागलेल्यांचं ते व्याकरण आहे.

अयाउ म्हणाली, "माझ्या बापाच्या तोंडून 'मी' हा शब्द मी कधी ऐकला नाही."

मी म्हटलं, "म्हणून आता तू म्हण. मी बांध बांधीन. मी माणसं परत आणीन. माझा हक्क आहे."

दाई तेयाका कोपऱ्यात सूत काढत होती. ती म्हणाली, "ही चटईवर बसणार आहे की बाजारात मडकी विकणार?"

"मडकं चांगलं असेल तर सांगायला नको?"

"चांगलं मडकं ओरडत नाही, बाई. फुटकं वाजतं."

म्हातारी खाष्ट आहे. पण अयाउ शिकतेय. काल तिने गच्चीवरून भाषण म्हटलं तर कालव्यातल्या होड्या थांबल्या. आम्ही जिंकणार, यात मला शंका नाही.

एक काम कर. चिमालचा जबडा निवडीपर्यंत सुजलेलाच राहू दे. बोलणाऱ्याच्या निवडीत ज्याला बोलता येत नाही, तो आपोआप बाद.

रेमेदिओस


तेश्काल्को
२२ फेब्रुवारी

ताई,

नाही. बरा होणारा जबडा सुजवून ठेवणं मला कॉलेजात शिकवलं नाही आणि मी ते तुझ्यासाठीही शिकणार नाही. तुझं भाषण तुझ्यापाशी, माझा पेशंट माझ्यापाशी.

पण तुझं नशीब जोरावर दिसतं. शेजारची दाढही सडलीय, ती काढावी लागेल, आणि भूल संपली. मी चिमालला म्हटलं, "निवड झाल्यावर काढू. आत्ता काढली तर तुम्हाला चौकात शब्द फुटणार नाही."

तो म्हणाला, "शब्द कशाला लागतात तिथे, दातवाल्या?"

मला त्याचा अर्थ कळला नाही. तुला कळला तर कळव. दाढ निवडीच्या आदल्या दिवशी काढायची, असा त्याचा हुकूम आहे. तो भ्याड नाही, एवढं तुला सांगून ठेवतो. उत्तरेला गेलेल्यांपैकी त्याचे दोन मुलगे आहेत, आणि तेही परतलेले नाहीत. हे त्याने मला सांगितलं नाही. त्याच्या स्वयंपाकिणीने सांगितलं.

फर्मीन


तोलापान बेट
१ मार्च

फर्मीन,

शोको दारात उभी आहे, म्हणून भराभर लिहिते.

अयाउ आधी बोलली. तुला सांगते, मी आयुष्यात इतकं चांगलं भाषण ऐकलेलं नाही, माझी स्वतःची धरून. आवाज थेट पाण्यापर्यंत पोहोचत होता. मी बांध बांधीन. मी माणसं परत आणीन. ही चटई माझी आहे. मी टाळ्यांची वाट बघत होते. चौक भरलेला होता आणि पान हलत नव्हतं. मग पुढच्या ओळीतल्या एका बाईने आपल्या पोरीचे डोळे झाकले, जसे कुणी रस्त्यात लुगडं फेडलं तर झाकतात. चौघा वडीलधाऱ्यांनी मान खाली घातली. ती आदराने खाली घातली नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

मग चिमाल आला. तोच तांबड्या फडक्याने बांधलेला जबडा, तीच डोक्यावर गाठ. त्याला धड उभं राहता येत नव्हतं. वडीलधारे बराच वेळ त्याला समजावत, बजावत राहिले आणि त्याच्या डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या. शेवटी तो दोनच गोष्टी पुटपुटला, "मी नाही. दुसरा कुणी शोधा." आणि फर्मीन, सगळा चौक रडायला लागला. माझ्या शेजारची तेयाकाही रडली, अयाउची दाई. मी तिला गदागदा हलवून म्हटलं, "अगं, त्याची दाढ काढलीय काल." ती म्हणाली, "असेल. पण नको म्हणाला ना?"

त्यांनी त्याला उचलून चटईवर बसवलं.

अयाउला बापाच्या कोठारात कोंडलंय. मी दाराच्या फटीतून माफी मागायला गेले, तर ती म्हणाली, "तू मला खोटं काही बोलायला लावलं नाहीस. जा, जेव." देवळाच्या पायऱ्यांवर बायका झेंडूची दोरी ओवतायत. मलाही अंगण सोडायची बंदी आहे आणि माझ्या दोरीत झेंडू नसणार.

मी जिला जिंकवायला निघाले तिला मी मृत्यूच्या दारात नेऊन ठेवलं. माझ्या शब्दांनी आता काही होणार नाही. तुझं ते मागणं शिल्लक आहे ना? त्याने माती खाल्लीय. माग.

रेमेदिओस


तेश्काल्को
३ मार्च

ताई,

झालं. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत कोठाराचं दार उघडलेलं असेल. आता नीट ऐक.

मी गेलो तेव्हा चिमाल अटोल, मक्याची पातळ पेज, पीत होता, नळीने. मी म्हटलं, "आता मागतो."

"माग."

"अयाउचा जीव. आणि त्या विहिरीतल्या बाईचा."

"हे दोन झाले."

"दाढाही दोन काढल्या."

हसला, मग गाल धरून मला शिवी दिली. आजी कोंबड्या हाकलताना द्यायची तीच. मग म्हणाला, "दोरी सोडून टाका." इतक्या साधेपणाने. मीच घाबरून बसलो होतो, त्याला तर पुतणीला मारायचंच नव्हतं. पण रीत अशी, की हरलेल्याला सोडायला कारण लागतं, आणि खाल्लेली माती हे सगळ्यांना पटणारं कारण. माझ्या मागण्याची तो वाटच बघत होता, असं मला वाटतं.

नंतर म्हणाला, "तुझ्या बहिणीने पोरीला शिकवलं ते खरं होतं. बांध, माणसं, सगळं. मी उभ्या उभ्या ऐकत होतो. पण जो चटई मागतो त्याला ती हवी असते. आम्हाला ती नको असलेला माणूस लागतो."

मी विचारलं, "तुम्हाला नको होती?"

"मला तेव्हा फक्त घरी जाऊन झोपायचं होतं, दातवाल्या. तेच लोकांना दिसलं."

आणि पुढचं ऐक, तुला आवडेल. अयाउ बाजाराची न्यायाधीश राहणार, आणि यंदा उत्तरेच्या मोठ्या शहराकडे माणसांबद्दल बोलायला तीच जाणार. चिमाल म्हणाला, "तिला मागायला येतं. तिथे मागायलाच तर जायचंय. मी गेलो तर रडून परत येईन." तेव्हा तुझं शिकवणं वाया गेलं नाही, ताई. फक्त ते चुकीच्या चौकात म्हटलं गेलं.

आता मी पहिल्या पत्रात लपवलेली गोष्ट. त्या दिवशी चिमालने माती खाल्ली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले. रीतीप्रमाणे समोरच्यानेही काही द्यायचं असतं. मला गंमत वाटली. मीही जमिनीला बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि म्हटलं, "तुमच्या तोंडात दात आहे तोवर मी तुमचा." दवाखान्यात म्हणतो तसंच म्हटलं, पुढच्या महिन्यात दाखवायला या, या चालीवर.

ती गंमत नव्हती. दोन्ही शब्द एका गाठीत बांधलेत. मी झऱ्यातून पळालो तर त्याचा शब्दही सुटतो आणि झेंडूची दोरी पुन्हा ओवली जाते. चिमालला हे मला समजावून सांगावंसुद्धा लागलं नाही. मीच सांगितलं, आणि त्याने मान हलवली.

तेव्हा तू जा. पाणी चढायच्या आत. शोको तुला झऱ्यापर्यंत सोडेल. रडारड नको, मला इथे रोज टर्की मिळते आणि रांग कधी संपत नाही. माझ्या आईला काय सांगायचं ते तू ठरव. तुला बोलता येतं.

फर्मीन


सान मातेओ तोलापान
पुढच्या वर्षीची २ फेब्रुवारी, सायंकाळ

फर्मीन,

झऱ्याचं पाणी परवापासून उतरायला लागलंय. तोंड उघडलं की हे पत्र मेण लावलेल्या मडक्यात घालून सोडीन. शोको म्हणेल, पुन्हा अळ्या आल्या.

तुझ्या आईला, म्हणजे माझ्या आत्याला, मी खरं तेच सांगितलं. कोन्चा आत्याने सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले आणि विचारलं, "त्या माणसाला दात किती उरलेत?"

मी म्हटलं, "पुष्कळ."

"मग त्याला रोज गोड खायला घाल म्हणावं."

तुझा दवाखाना तिने कुणाला दिलेला नाही. दर शनिवारी खुर्ची पुसते.

आता आजचं सांगते. महिन्यापूर्वी आळीचे चार वडीलधारे माझ्या दारात आले, डॉन औसेन्सियो पुढे. म्हणाले, यंदा जत्रेचा मान तुमच्याकडे. आजवर एकाही बाईला विचारलं नव्हतं. मी भाषण तयार केलं. तुला माहीतच आहे, मी भाषणाशिवाय दूधही आणायला जात नाही. बायकांचा हक्क, आळीचं पाणी, सगळं त्यात होतं, आणि ते चांगलं होतं.

आज चौकात औसेन्सियो तांबडं फडकं घेऊन आला आणि कानाशी म्हणाला, "बाई, तुम्ही हे मानत नाही, ठाऊक आहे. नुसतं हातात धरा, फोटोपुरतं."

मी विचारलं, "हे का बांधतात, डॉन औसेन्सियो?"

"संताला गालावर जखम झाली होती म्हणतात. आमचे आजोबा म्हणायचे, थंडी वाजू नये म्हणून. खरं कुणाला माहीत."

फर्मीन, सगळ्या आळीत ते मला एकटीला माहीत होतं. ती गाठ तुझी होती, तू चिमालला बांधलेली. डोक्यावर, डाव्या बाजूला किंचित कललेली, तू कायम बांधतोस तशी. लहानपणापासून मी ती बघत आले आणि मिरवणूक अर्ध्यात टाकून जात आले.

"बांधा," मी म्हटलं.

"घट्ट?"

"दाढ काढल्यासारखं."

त्याला काही कळलं नाही, पण त्याने बांधलं. वडीलधारे बोलायला लागले, आळीची काळजी घे, गरिबाला रांगेत मागे ढकलू नकोस, स्वतःला मोठी समजू नकोस, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मला तू दिसत होतास, दाराशी उभा, हातात चिमटा. मला वाटायचं, ते फडकं वाकलेल्यांचं आहे. नाही. लोकांचं तोंड बांधणारे राज्यकर्ते मी पुष्कळ पाहिले आणि त्यांच्याविरुद्ध बोलले. इथे लोक अधिकार घेणाऱ्याचं तोंड बांधतात, आधी चार जणांचं ऐक म्हणतात, मग सोडतात. याहून कडक अट मी कुठल्या संघटनेच्या घटनेत वाचलेली नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "तुम्ही चुकून माझ्याकडे आलात. दुसरा कुणी शोधा." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. मग खाली वाकले, जमिनीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. मागे आत्या हुंदका देऊन म्हणाली, "आता हिलाही अडकवलं."

फडकं सुटल्यावर मी पाण्याचंही बोलले, बायकांचंही बोलले, चांगलं तासभर. तेव्हा टाळ्या पडल्या. काळजी करू नकोस, तुझी ताई सुधारलेली नाही.

आत्याचा निरोप कळवला, पण तू तो ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. चिमालच्या घरी गोड कमी शिजू दे, त्याला रोज मिठाने दात घासायला लाव, आणि हलणारी दाढ वाचवता येत असेल तर वाचव. चांगला दात उपटायचा नसतो, फर्मीन. शेवटचा दात आपणहून पडेल तेव्हा ये. दर वर्षी पाणी उतरलं की मी झऱ्यापाशी येऊन बसेन.

तुझी ताई,
रेमेदिओस